पर्यावरणशास्त्र शिकायला परदेशी: ठाणे खाडीचा गाळ, एल्बचा गाळ आणि मधला हिशेब

तिवर (धागाकर्ती)

मे-जून आला की फोन सुरू होतात. ओळखीतल्या कुणाची तरी मुलगी नाहीतर पुतण्या बीएस्सी झालेला असतो, 'एन्व्हायर्नमेंटला बाहेर स्कोप आहे' असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं असतं आणि पहिला प्रश्न ठरलेला: "कुठला देश चांगला?" प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवते. पुढच्या वेळी लिंक पाठवायची आणि मोकळं व्हायचं.

मी कुठून बोलतेय ते आधी थोडक्यात. मी ऐरोलीची. वडील टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या) एका रसायन कारखान्यात शिफ्टवर. बीएस्सी केमिस्ट्री ठाण्याला, मग मुंबई विद्यापीठाची पर्यावरणशास्त्रातली एमएस्सी, मग महापे एमआयडीसीत पाणी-हवा तपासणाऱ्या एका खासगी लॅबमध्ये नोकरी आणि त्यानंतर उत्तर जर्मनीत दुसरं मास्टर्स. आता हॅम्बुर्गमध्ये एका सल्लागार कंपनीत आहे. नदी आणि बंदरांच्या तळातून उपसलेल्या गाळाचं करायचं काय, हे आमचं काम. आईला अजूनही वाटतं की मी झाडं लावते.

देशाचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की तुम्हाला नेमकं मोजायचंय काय? हवा, पाणी, माती, जीव, की माणसांचे कायदे? 'एन्व्हायर्नमेंटल सायन्स' या एकाच पाटीखाली एक विद्यापीठ धोरण आणि कायदा शिकवतं, दुसरं हवेचं रसायनशास्त्र, तिसरं उपग्रहाचे नकाशे. जर्मन विद्यापीठं प्रत्येक अभ्यासक्रमाचं 'मॉड्यूलहँडबुक' वेबसाइटवर ठेवतात. कुठल्या सत्रात काय शिकवणार, लॅबचे तास किती, परीक्षा कशी, सगळं त्यात असतं. ते कंटाळवाणं पीडीएफ आधी वाचा. रँकिंग मागाहून बघितलं तरी चालतं.

मग येतो तो एसओपी, म्हणजे 'मला हाच कोर्स का करायचाय' हे सांगणारं अर्जासोबतचं निवेदन. 'लहानपणापासून मला निसर्गाची ओढ आहे' हे वाक्य निवड समितीने इतक्या वेळा वाचलेलं असतं की डोळे त्यावरून घसरून जातात. माझ्या एसओपीत निसर्ग नव्हताच, सीओडी होता, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांचं रसायनाने ऑक्सिडेशन करायला किती ऑक्सिजन लागतो तो आकडा. जितका जास्त, तितकं पाणी घाण. आमच्या लॅबमध्ये खाडीच्या पाण्याचे नमुने यायचे आणि सीओडी भरमसाट निघायचा. ही चाचणी डायक्रोमेट नावाच्या रसायनाने करतात. त्यात सेंद्रिय पदार्थांबरोबर क्लोराइडचंही ऑक्सिडेशन होतं. त्याला आवरायला मर्क्युरिक सल्फेट घालतात, पण नेहमीची पद्धत लिटरला साधारण २००० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंतच भरवशाची. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला १९ ग्रॅमच्या आसपास असतं. खाडीत भरती-ओहोटीप्रमाणे ते बदलतं. म्हणजे भरतीला घेतलेला नमुना जास्त 'प्रदूषित' दिसणार आणि ओहोटीचा कमी, खरी गोष्ट कदाचित उलटीच असेल. मी एवढंच लिहिलं: हे मला दिसलं, आमच्या लॅबमध्ये यावर असा उपाय केला, तो इथपर्यंत चालला, पुढचं मला शिकायचंय. मुलाखतीत प्रोफेसरांनी निम्मा वेळ त्यावरच विचारलं.

असंच एक बीओडीचं, म्हणजे जिवाणूंना पाण्यातली घाण पचवायला किती ऑक्सिजन लागतो त्या चाचणीचं. आपल्याकडे त्यासाठी नमुना २७ अंशाला ३ दिवस ठेवतात, युरोपात २० अंशाला ५ दिवस. आपल्या हवामानात २० अंश राखणं महागात पडतं आणि गरम पाण्यात जिवाणू भराभर काम उरकतात, म्हणून आपली पद्धत वेगळी. इथल्या वर्गात हे मी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बोलण्यावर वहीत काही टिपून घेतलं!

आता गाळाकडे. १९९० पर्यंत पूर्व जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकियातल्या रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी एल्ब नदीत जायचं. पारा, कॅडमियम, डीडीटी, काय हवं ते. जर्मनी एक झाली, कित्येक कारखाने बंद पडले, शुद्धीकरण केंद्रं उभी राहिली आणि पाणी सुधारलं. गाळ मात्र विसरत नाही. २००२ च्या ऑगस्टमध्ये एल्बला महापूर आला आणि तळाशी बसलेलं पुष्कळ काही उठून खाली वाहत आलं. हॅम्बुर्ग बंदरात जहाजांसाठी सतत गाळ उपसावा लागतो. तो नुसता समुद्रात ढकलता येत नाही, म्हणून १९९३ पासून तिथे गाळातली वाळू आणि बारीक चिखल वेगळा करणारा एक अख्खा कारखाना चालतो. धातू चिकटतात ते बारीक कणांना. वाळू तुलनेने स्वच्छ निघते आणि वापरता येते.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ठाणे-बेलापूर पट्टा डोळ्यांसमोर आला. आमचा प्रश्न तोच आहे, फक्त आमच्याकडे कारखाना संपल्यावर गाळाची चौकशी करायला कुणी थांबत नाही. थीसिसला मी एल्बच्या गाळावर काम केलं, नोकरीही त्यातूनच लागली.

पैसे, व्हिसा वगैरे प्रतिसादांत बोलू. विचारा.

---

कळवा_नाका

धागा अगदी वेळेवर आला. माझी मुलगी टीवायबीएस्सीला आहे, झूलॉजी. नौपाड्यातल्या एका एजंटकडे जाऊन आलो. तो म्हणतो यूके करा, एका वर्षात मास्टर्स, दोन वर्षं तिथे राहता येतं, पंचवीस-तीस लाखांत काम होईल. तीन वर्षांची डिग्री जर्मनीत चालत नाही असंही म्हणाला. आमचा कळव्यात फ्लॅट आहे, तो तारण ठेवायचा की नाही यावर घरात रोज वाद. हे पुढच्या काही वर्षांत निवृत्त होतील. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

---

तिवर

काकू, एजंटला कमिशन कुठून मिळतं ते बघा, म्हणजे सल्ल्याचा अर्थ लागतो. बहुतेक एजंट विद्यापीठाकडून पैसे घेतात आणि जर्मनीतली सरकारी विद्यापीठं असं काही देत नाहीत. त्यामुळे तो तुम्हाला जर्मनी सुचवेल ही अपेक्षा धरू नका.

तीन वर्षांची पदवी इथे पुष्कळ ठिकाणी चालते, कारण युरोपातली बॅचलर्सही बहुधा तीनच वर्षांची. अडचण वेगळीच येते. झूलॉजीत गणित, संख्याशास्त्र, रसायनशास्त्र किती शिकलात हे विषयवार तपासतात आणि तिथे क्रेडिट कमी पडू शकतात. तुमच्या मुलीने आत्ताच एखादा संख्याशास्त्राचा कोर्स आणि 'आर' (आकडेवारीसाठीची संगणकभाषा) शिकून घ्यावं. परिसंस्थेच्या अभ्यासात त्यावाचून पान हलत नाही.

गुणांचं रूपांतर एका सूत्राने होतं: सर्वाधिक गुणांतून आपले वजा, भागिले सर्वाधिक वजा पासाची मर्यादा, गुणिले ३, अधिक १. दहापैकी ८ सीजीपीए असेल आणि पास ४ ला धरलं तर २.० येतो. जर्मनीत १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास, त्यामुळे २.० ऐकून घाबरू नका.

पैशाचं: बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, सत्राला काही शे यूरो भरायचे, त्यात बऱ्याचदा प्रवासाचा पासही येतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून सत्राला १५०० यूरो आहेत आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४-२५ पासून शुल्क लावलंय. 'जर्मनी फुकट' हे सरसकट खरं नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ यूरो दाखवावे लागतात, तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ सुटतात. हा पैसा तुमचाच आहे, राहण्या-खाण्यालाच जाणार. वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. त्याआधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची पडताळणी. नोव्हेंबर २०२२ पासून ते भारतीय विद्यार्थ्यांना बंधनकारक आहे. त्याला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या सत्राचा निकाल यायच्या आधीपासूनच कागद गोळा करा.

यूके वाईट नाही. नॉर्विचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग जुना आणि नावाजलेला आहे, हवामान संशोधनाचं त्यांचं केंद्र १९७२ चं. पण एका वर्षाच्या मास्टर्समध्ये पोहोचून जरा स्थिरावता तोवर थीसिसचा विषय द्यायची वेळ येते. आणि तिथे शिक्षणानंतर राहण्याची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांवर येणार आहे. एजंटने हे सांगितलं का?

तुमच्या जागी मी असते तर फ्लॅट तारण ठेवून यूकेला पाठवलं नसतं. निदान पदवीनंतर लगेच तरी नाही.

---

पारसिक

सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय, वादच नाही. पण मला एक सांगा, शेवटी हॅम्बुर्गचा गाळ साफ करायला आमच्या टीटीसीच्या कामगाराची पोरगी, आणि इकडे आम्ही दिव्याच्या कचऱ्याचा धूर वर्षानुवर्षं नाकात घेतला. तळोज्यात २०१७ मध्ये कुत्री निळी झाली तेव्हा कुठे पेपरात आलं की कासार्डी नदीत काय सोडतात. परदेशी शिकलेले पर्यावरणवाले परत येतात का? येऊन काय करतात? की सगळे तिकडूनच फेसबुकवर फ्लेमिंगोचे फोटो टाकतात?

---

सीवूड्सची_सून

पारसिक, अगदी मनातलं बोललात. फ्लेमिंगोंवरून आठवलं, २०२४ मध्ये आमच्याकडे डीपीएस तलावाजवळ पक्षी मेले. भरतीचं पाणी आत येईना म्हणून तलाव आटतोय असं इथले पर्यावरणवाले किती आधीपासून ओरडत होते. त्यावर कुणी शास्त्रीय काम केलंय का?

---

तिवर

पारसिक, प्रश्न टोचला तरी रास्त आहे. मी परत आलेले नाही आणि येईनच असं इथे लिहून देणार नाही. कर्ज फेडायचंय, आणि या कामाचे तिकडे मिळतात तसे पैसे आपल्याकडे मिळत नाहीत. माझ्या बॅचमधले काही जण परतलेत. एक कंपन्यांच्या ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार) अहवालांत अडकलाय, एकजण कोकणात खारफुटीवर काम करते. याहून मोठा दावा माझ्याकडे नाही.

सीवूड्स, तुमच्या प्रश्नात एक प्रोजेक्ट लपलाय आणि तो काकूंच्या मुलीला घरबसल्या करता येईल. सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर स्पष्टतेची चित्रं दर ५ दिवसांनी येतात, फुकट. लँडसॅटची तर १९७२ पासूनची आहेत, जुनी जरा धूसर. गूगल अर्थ इंजिनवर त्या तलावाचं पाण्याखालचं क्षेत्र महिन्यागणिक काढायचं आणि भरतीच्या वेळापत्रकाशी ताडून बघायचं. ढगांमुळे पावसाळ्याचे महिने रिकामे जातील, तेही लिहायचं. असा एक नीट केलेला नकाशा अर्जात जोडला तर दहा 'वृक्षारोपण शिबिर प्रमाणपत्रां'ना भारी पडतो.

---

धूळमापक

वागळे इस्टेटमधल्या एका ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासणाऱ्या) कन्सल्टन्सीत आहे. धागाकर्तीने लॅबचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं, कारण आमच्या कामाला घरचेही नोकरी मानत नाहीत. गच्चीवर आरडीएस (हवेतली धूळ मोजायचं यंत्र) चढवायचा, चोवीस तास जनरेटरवर लक्ष ठेवायचं, फिल्टर पेपर डेसिकेटरमध्ये ठेवून वजन करायचं, चिमणीवर चढून स्टॅक मॉनिटरिंग करायचं. पगार विचारू नका.

पण हेच सांगायला आलो की पदवी झाली की लगेच पळू नका. दोन वर्षं असलं काम करा. डाड या जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची विकसनशील देशांसाठीची एपॉस शिष्यवृत्ती किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते आणि शेवटची पदवी सहा वर्षांहून जुनी नको. यूकेची चेव्हनिंगही दोन वर्षांचा अनुभव मागते, वर परत येऊन दोन वर्षं आपल्या देशात राहायची अट. लोक दोन्हीकडे फ्रेश पदवी घेऊन अर्ज करतात आणि मग 'वशिला लागतो' म्हणतात.

दुसरं, आमच्यासारख्या ऑफिसात आतलं कळतं. २००६ च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे बेसलाइन डेटा (प्रकल्पाआधीच्या स्थितीची मोजणी) कसा गोळा होतो, जनसुनावणीत लोक काय विचारतात, आणि अहवालात त्याचं काय होतं. पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, आपली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली १५. एकाच आकड्याला वाशीत 'समाधानकारक' म्हणतात आणि जिनिव्हात डोक्याला हात लावतात. हे पुस्तकात एका ओळीत असतं, साइटवर त्याचं वजन कळतं.

---

बर्फाळ_ठाणेकर

मूळचा चरईचा, सध्या अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत पीएचडी करतोय, शेतातून वाहून जाणाऱ्या नायट्रेटवर. अमेरिकेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

स्वतःच्या खर्चाने इथे एमएस करू नका, निदान या विषयात तरी. कॉम्प्युटरवाल्यांचं गणित वेगळं असतं, त्यांचा पगार कर्ज फेडतो. आपल्याकडे संशोधनाचं एमएस किंवा थेट पीएचडी, रिसर्च किंवा टीचिंग असिस्टंटशिपवर. फी माफ होते आणि महिन्याला जेमतेम पुरेल इतके पैसे मिळतात. त्यासाठी अर्जाच्या आधी प्रोफेसरला ईमेल लिहावा लागतो. 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम अ हार्डवर्किंग स्टुडंट' अशी सुरुवात असलेली मेल कुणी उघडत नाही. त्यांचा अलीकडचा एक पेपर वाचा, त्यातली एक गोष्ट धरा, आपण काय केलंय ते चार ओळींत लिहा, आणि विचारा की पुढच्या फॉलला पैसे असलेली जागा आहे का. पैशाचं सरळ विचारलेलं इथे कुणाला वावगं वाटत नाही. आपल्याकडून ते विचारलं जात नाही, संकोच.

पदवीनंतर १२ महिने ओपीटी (शिकून झाल्यावर इथे काम करायची परवानगी) आणि पर्यावरणशास्त्र स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित) मोडत असल्याने आणखी २४ महिने मिळतात. पण आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) कोर्सचा कोड काय छापलाय ते बघा. त्याच विभागातला धोरणाचा कोर्स स्टेमबाहेर असू शकतो.

आणि हो, संशोधनाचा सरकारी निधी आटला की आमच्या जागाही आटतात. एका अ‍ॅडमिटवर सगळी भिस्त ठेवू नका.

---

निळी_शाई

शिष्यवृत्त्यांबद्दल, कारण मी स्वतः त्या रांगेत उभी राहिलेय.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये हवं. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज वेगळी. ती अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी. आदिवासी, ओबीसी, मराठा, खुला प्रवर्ग, यांच्यासाठी राज्याच्या निरनिराळ्या विभागांच्या योजना आहेत. अटी वर्षागणिक बदलतात, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा जुना जीआर बघून अर्ज भरू नका.

एक पेच कुणी सांगत नाही. पर्यावरणाचे काही उत्तम अभ्यासक्रम लहान, विषयाला वाहिलेल्या संस्थांत असतात. उदाहरणार्थ नेदरलँड्समधलं आयएचई डेल्फ्ट, पाण्याच्या विषयात १९५७ पासून काम करणारं, जगभरचे पाटबंधारे खात्यातले इंजिनियर तिथे शिकतात. पण अशी एकाच विषयाची संस्था क्यूएसच्या सर्वसाधारण यादीत शोधायला गेलात तर सापडत नाही. म्हणजे शिष्यवृत्तीसाठी मोठं नाव घ्यायचं की विषयासाठी योग्य जागा, हे ठरवावं लागतं. मी मोठं नाव घेतलं, कारण दुसरा पर्यायच नव्हता.

जात-प्रवर्ग न बघता मिळणाऱ्यांत जे. एन. टाटा एन्डोमेंट, १८९२ पासूनची. ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, परत फेडायची असते. आणि इरॅस्मस मुंडुस, महिना १४०० यूरो, दोन-तीन देशांत मिळून शिक्षण. स्पर्धा भयंकर. तरी अर्ज करायचाच.

काकू, सरकारी बँकेत साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पुढे लागतं. आणि कुणाचा सिडकोचा फ्लॅट तारण ठेवायचा असेल तर सिडकोची एनओसी काढायला आधीच लागा, कारण जमीन लीजवरची असते आणि बँक त्यावर अडून बसते.

---

दिवाळे_बंदर

हा धागा माझ्या भाच्याने पाठवला. मी शिकलेला नाही फारसा, बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातला. होडी आहे. मोजायचं काय ते तुम्ही लिहिलंत, मोजून सांगायचं कुणाला ते कुणी लिहिलं नाही.

आमच्याकडे पोरं-पोरी येतात, कॉलेजची, मोठ्या संस्थांची, एकदा फॉरेनची पण आली होती. होडी घेतात, चिखल डब्यात भरतात, पाणी भरतात, आम्हाला विचारतात आधी काय मिळायचं. आम्ही सांगतो. जिताडा मिळायचा, बोईट, चिंबोरी, निवट्या तर उकरून काढायच्या. आता पागेच्या जाळ्यात प्लास्टिक येतं. ते लिहून घेतात आणि जातात. चिखलात काय सापडलं ते आजपर्यंत एकाने येऊन सांगितलं नाही. ती चिंबोरी आम्ही खातो, पोरांना घालतो, विकतो. खावी की नको? एवढं एक सांगून जायला काय जातं?

---

पारसिक

दिवाळे, +१. धाग्यातला सगळ्यात खरा प्रतिसाद.

---

तिवर

दादा, काल तुमचा प्रतिसाद वाचला, उत्तर आज लिहितेय.

ठाणे खाडीच्या गाळात जड धातू आहेत असे शोधनिबंध किती दशकं निघतायत. इंग्रजीत, पैसे भरून वाचायच्या नियतकालिकांत. खाडीचा पश्चिम काठ २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आला, फ्लेमिंगोची मोजणी होते. पण चिंबोरी खावी की नको याचं उत्तर गाळाच्या आकड्यावरून देताच येत नाही. गाळात असलेला धातू सगळाच्या सगळा चिंबोरीच्या अंगात जात नाही. काही सल्फाइडला घट्ट बांधलेला असतो, काही सुटा. त्यासाठी चिंबोरीचं मांस वेगळं तपासावं लागतं, आणि आठवड्यातून किती वेळा, किती खाता हे विचारावं लागतं. विद्यार्थ्यांना गाळ सोपा पडतो, तो पळून जात नाही.

हॅम्बुर्गला एल्बच्या माशांची तपासणी होते आणि कुठला मासा किती खावा याच्या सूचना निघतात, त्यांच्या भाषेत, साध्या वाक्यांत. मला इथे सगळ्यात कठीण गेलं ते तेच: अहवाल जर्मनमध्ये लिहायचा, नगरपालिकेच्या माणसाला आणि मच्छीमार संघटनेला कळेल असा. काकू, हे तुमच्यासाठीही. शिक्षण इंग्रजीत होतं, पण सल्लागार कंपन्या आणि सरकारी खात्यांतली नोकरी जर्मनवाचून मिळणं फार अवघड. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, भाषा नसेल तर ते गोदामात पार्सलं उचलण्यात निघून जातात. असे हुशार लोक मी पाहिलेत. ठाण्यात असतानाच जर्मन बी१ (मधल्या पातळी) पर्यंत करून या.

---

कळवा_नाका

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री मुलीला अख्खा धागा वाचायला लावला. ती म्हणते यंदा कुठेच अर्ज करायचा नाही. एमएस्सीला इथेच प्रवेश घेईन, जर्मनचा क्लास लावेन आणि प्रोजेक्टला चिंबोरी. ह्यांनी ऐकून फक्त "बरं" म्हटलं, म्हणजे फ्लॅट वाचला. तिचा प्रश्न: दिवाळेदादा होडीतून नेतील का? आणि गाईड मॅडमना हे पटेल का?

---

दिवाळे_बंदर

नेईन. डिझेलचे पैसे द्या, माझे नको. अट एकच, निकाल मराठीत, कागदावर, मच्छी मार्केटच्या भिंतीला लावायचा. चांगला असो की वाईट. वाईट असेल तर गिऱ्हाईक तुटेल, पोरं माझ्या अंगावर येतील, ते मी बघतो.

यायचं पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या सुमाराला. त्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आसपास भरते, म्हणजे सकाळी सहा-सातला पाणी लांब जातं, चिखल उघडा पडतो. अष्टमीला येऊ नका, भांगेचं पाणी, चढ-उतार कमी, अर्ध्यात अडकतं.

---

तिवर

वाईट निकाल भिंतीवर लावायच्या आधी एकदा बोलूया. दोन-चार चिंबोऱ्यांवरून गावाचा धंदा बसवायचा नाही. नमुने पुरेसे हवेत, लहान-मोठ्या, नर-मादी वेगळ्या, आणि निदान दोन ऋतूंतल्या. एका मान्यताप्राप्त लॅबकडून काही नमुने पुन्हा तपासून घ्यायचे. मॅडमना हा आराखडा आधी दाखवा, त्या नाही म्हणणार नाहीत. कांदळवनात शिरून काही गोळा करायचं असेल तर कांदळवन कक्षाकडे परवानगीचा अर्ज आत्ताच टाका, त्याला वेळ जातो. बाजारातून दादांकडूनच विकत घेतलेली चिंबोरी असेल तर काम सोपं, फक्त ती कुठे पकडली ते त्याच दिवशी लिहून घ्यायचं. धातूंसाठी गाळ घेणार असाल तर प्लास्टिकचा चमचा वापरा, स्टीलचा नको. नमुने बर्फात.

तुमच्या मुलीला म्हणावं आराखडा मला पाठव, मी वाचते.

---

कळवा_नाका

मुलगीच टाइप करतेय आता. थँक्यू ताई, रविवारपर्यंत पाठवते. दादा, गमबूट घेऊन येऊ का?

---

दिवाळे_बंदर

गमबूट चिखलात राहतील आणि तू एकटी बाहेर येशील. जाड जुने मोजे घाल, दोन जोड. कालवांनी पाय कापतात.